शिक्का, मोर्तब आणि कुलूप

आमच्या या भागात तांदळाची उणीव कधी नव्हती. उणीव होती ती गिऱ्हाइकाची. गोठणगावाजवळ गाढवी नदी अडवून बांधलेले इटियाडोह धरण १९७० च्या सुमारास पुरे झाले, आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांना, पुढे भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतल्या शेतांनाही, नहराचे पाणी मिळू लागले. पाणी आले, धान पिकले. परंतु पिकलेल्या धानाचा भाव ठरविणारा माणूस मात्र बांधीवर नव्हे, तर बाजारात बसलेला राहिला.

या नहराखालच्या एका गावातील बायकांच्या बचत गटाने हा क्रम उलटा करायचे ठरविले. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला एचएमटी हा बारीक तांदूळ आपल्याकडे घरोघर माहीत आहे. तोच तांदूळ पाच-पाच किलोंच्या पिशव्यांत भरून थेट शहरातल्या गिऱ्हाइकाला विकावा, असा त्यांचा बेत होता. गावातल्या एका होतकरू मुलाने त्यांना संकेतस्थळ करून दिले. पहिली मोठी मागणी नागपूरहून यायची होती. गिऱ्हाइकाने मोबाइलवर संकेतस्थळ उघडले, नाव-पत्ता लिहायला घेतला, आणि वरच्या पट्टीत त्याला दोन शब्द दिसले : 'सुरक्षित नाही'. त्याने मोबाइल खाली ठेवला. मागणी गेली.

गटाच्या अध्यक्ष असलेल्या ताई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आमचा तांदूळ चोखा हाये. पिशवीचं वजन चोख हाये. मंग हा मोबाइल आमाले चोर काऊन म्हणते?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यावे म्हणून आम्ही बसलो, आणि उत्तर देता देता जे आम्हालाही नव्याने उमगले ते या व्याख्यानात मांडण्याचा विचार आहे. सोय म्हणून आरंभीच एवढे सांगून टाकतो, की मोबाइल ताईंना चोर म्हणत नव्हता. तो एवढेच सांगत होता, की तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधली वाट उघडी आहे. माणूस खोटा असणे आणि वाट उघडी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्याच्या ध्यानात आला त्याला आजचा अर्धा विषय समजला.

उघडा नहर

धरणातून निघालेले पाणी शेवटच्या बांधीपर्यंत उघड्या नहराने जाते. वाटेत कितीतरी गावे लागतात. कोणी नहराला चोरून भगदाड पाडतो, कोणी त्यात घाण सोडतो, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आपल्यापर्यंत काय पोचले एवढेच दिसते. वाटेत काय झाले ते दिसत नाही.

संकेतस्थळावर लिहिलेला मजकूरही असाच प्रवास करतो. मोबाइलपासून मनोऱ्यापर्यंत, मनोऱ्यापासून दूरसंचार कंपनीच्या यंत्रांपर्यंत, तेथून जमिनीखालच्या तारांनी ज्या संगणकावर संकेतस्थळ ठेवलेले असते त्या संगणकापर्यंत, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो अनेकांच्या हातांतून जातो. साध्या एचटीटीपी या रीतीने पाठविलेला मजकूर पोस्टकार्डासारखा असतो. वाटेतल्या कोणालाही तो वाचता येतो. मनात आले तर त्यात फेरफार करता येतो. आणि एखादा अधिकच धूर्त असेल तर तो मध्येच उभा राहून "मीच ते दुकान" अशी बतावणी करू शकतो. वाचणे, बदलणे आणि सोंग घेणे, अशी ही तीन भये आहेत.

ही भये पुस्तकी नाहीत. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रामरने 'फायरशीप' नावाचे एक छोटे साधन जाहीरपणे सर्वांच्या हाती दिले. उपाहारगृहातल्या मोकळ्या वायफायवर बसलेल्या शेजाऱ्याच्या फेसबुकमध्ये, काडीचेही विशेष ज्ञान नसताना, कसे शिरता येते हे त्याने दाखवून दिले. त्याचा हेतू चोरी शिकविण्याचा नव्हता. मोठ्या कंपन्या दार सताड उघडे ठेवून बसल्या आहेत हे चव्हाट्यावर आणण्याचा होता. त्यानंतरच्या वर्षांत मोठमोठी संकेतस्थळे एकेक करून बंदिस्त वाटेवर आली. जुलै २०१८ पासून गूगलच्या क्रोम या ब्राउझरने, म्हणजे संकेतस्थळे पाहण्याच्या साधनाने, उघड्या वाटेच्या प्रत्येक संकेतस्थळावर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारण्यास सुरुवात केली. ताईंच्या गिऱ्हाइकाला दिसला तो हाच शेरा.

दोन किल्ल्यांची युक्ती

आता या तीन भयांवर उपाय काय? आपल्या पूर्वजांपुढे हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता. मराठी राज्यातील पत्र सांडणीस्वाराच्या किंवा जासुदाच्या हाती जाई आणि दहा मुक्कामांनंतर पोचे. ते खरोखर त्याच धन्याचे कशावरून? वाटेत कोणी दोन ओळी वाढविल्या नाहीत कशावरून? म्हणून पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब असे. शिक्का सांगे, की पत्र कोणाचे. मोर्तब सांगे, की मजकूर येथे संपला, यापुढे जे असेल ते धन्याचे नव्हे. आज आपण 'शिक्कामोर्तब' हा शब्द एका दमात उच्चारतो; परंतु त्यात दोन वेगळी कामे आहेत, एक ओळखीचे आणि एक अखंडतेचे. त्यांना गुप्ततेचे कुलूप जोडले, की ज्याला लोक एसएसएल म्हणतात ती व्यवस्था तयार होते.

अडचण होती ती कुलपात. कुलूप लावून पेटी पाठवावी तर किल्लीही पाठवावी लागते. आणि ज्या वाटेवर चोर आहे त्याच वाटेने किल्ली पाठवायची तर कुलपाचा उपयोग काय? हे कोडे हजारो वर्षांचे होते. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघा अमेरिकनांनी ते जाहीरपणे सोडविले. कधीही न भेटलेली दोन माणसे, सर्वांच्या देखत बोलूनही, फक्त दोघांनाच ठाऊक असे गुपित तयार करू शकतात, असे त्यांनी गणिताने दाखविले. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी दोन किल्ल्यांची एक पद्धत बसविली; तिला त्यांच्या आद्याक्षरांवरून आरएसए म्हणतात. एक किल्ली जाहीर, दुसरी खासगी. खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते. परंतु जाहीर किल्ली हाती असली म्हणून ती सही कोणाला करता येत नाही.

याचे मर्म शाळेतल्या गणितात आहे. ५३ आणि ६१ यांचा गुणाकार शाळकरी मूलही करील, उत्तर ३२३३. पण नुसते ३२३३ हातात देऊन "हे कोणत्या दोन मूळ संख्यांचे अपत्य?" असे विचारले तर मोठा माणूसही डोके खाजवील. आरएसएच्या प्रचारातील किल्लीत अशी एक संख्या ६१७ अंकी असते. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्याची जलद आणि निश्चित रीत असते, असे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी सिद्ध केले आणि जगभर त्यांचे कौतुक झाले. परंतु मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची जलद रीत आजच्या साधारण संगणकांसाठी अजून कोणालाही सापडलेली नाही. एक काम सोपे आणि त्याचे उलटे काम अवघड, या एवढ्याशा विषमतेवर कोट्यवधी रुपयांचे व्यवहार विसंबून आहेत.

हे गणित संकेतस्थळांच्या कामी जुंपण्याचे श्रेय नेटस्केप या कंपनीकडे जाते. मूळचे इजिप्तचे ताहेर एल्गमाल हे तेथे प्रमुख शास्त्रज्ञ होते. १९९५ साली एसएसएलची दुसरी आवृत्ती बाहेर पडली; पहिली दोषांमुळे कधी बाहेरच आली नाही. १९९९ साली सुधारलेल्या व्यवस्थेला टीएलएस हे नाव मिळाले, आणि २०१८ साली तिची १.३ ही आवृत्ती निघाली. जुन्या एसएसएलचा वापर तर २०१५ मध्येच निषिद्ध ठरला. तेव्हा आज 'एसएसएल प्रमाणपत्र' हा शब्द केवळ सवयीने टिकला आहे. चालते ते टीएलएस. आपण नाही का वडसा म्हणतो आणि कागदावर देसाईगंज लिहितो!

साक्षीदार कोण?

येथवर ठीक. पण एक शंका चाणाक्ष श्रोत्याच्या मनात आली असेल. संकेतस्थळाने आपली जाहीर किल्ली पुढे केली. ती त्याचीच कशावरून? सोंग घेणाराही स्वतःची किल्ली पुढे करून म्हणेल, की ही त्या दुकानाची.

पूर्वी बँकेत खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागत असे. बँक नव्या माणसाला ओळखत नसे. परंतु जुन्याला ओळखत असे आणि जुना नव्याला ओळखत असे. प्रमाणपत्र म्हणजे नेमकी ही ओळखीची सही होय. "अमुक नावाच्या संकेतस्थळाची जाहीर किल्ली ही आहे, अमुक तारखेपर्यंत हे ग्राह्य धरावे," असा मजकूर आणि त्याखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सही. या संस्थेमागे तिची हमी घेणारी आणखी मोठी संस्था असते. सर्वांत वरच्या, म्हणजे मूळ संस्थांची यादी आपल्या मोबाइलमध्ये किंवा ब्राउझरमध्ये ती तयार करणाऱ्यांनी आधीच भरून ठेवलेली असते. संकेतस्थळ उघडताच ब्राउझर ही साखळी एकेक कडी चढत जातो. शेवटची कडी यादीतल्या नावाला जाऊन मिळाली, संकेतस्थळाचे नाव जुळले आणि मुदत उरलेली असली, की मग दोघे मिळून त्या भेटीपुरती एक नवी किल्ली तयार करतात आणि वाट बंद होते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकते.

परंतु साक्षीदारच फितूर झाला, किंवा त्याच्या घरी चोरी झाली, तर? असे झालेले आहे. २०११ साली नेदरलंडमधील डिजिनोटार या संस्थेत चोर शिरले आणि त्यांनी तिच्या शिक्क्याने गूगलसह कित्येक नावांची ५०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. इराणमधील लोकांचे बोलणे वाचण्यासाठी त्यांतील गूगलचे प्रमाणपत्र वापरले गेले. ब्राउझरवाल्यांनी डिजिनोटारचे नाव यादीतून खोडले आणि त्याच सप्टेंबरात तिचे दिवाळे निघाले.

हे दूर परदेशी झाले असे समजून निर्धास्त होण्याचे कारण नाही. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये प्रमाणपत्र देणाऱ्यांवर देखरेख ठेवणारा एक सरकारी नियंत्रक आहे, आणि त्याच्या मूळ सहीखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी प्रमाणपत्रे देत असे. २ जुलै २०१४ रोजी गूगलला आढळले, की या केंद्राच्या सहीची, गूगलच्या नावांची, परंतु गूगलने कधीही न मागितलेली प्रमाणपत्रे निघाली आहेत. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकाने केंद्राचे ते अधिकार रद्द केले. केंद्राच्या प्रमाणपत्र देण्याच्या व्यवस्थेतच कोणी शिरले होते, असे चौकशीत सांगण्यात आले. त्यानंतर क्रोमने भारतीय नियंत्रकाच्या सहीची मातब्बरी काही ठरावीक भारतीय नावांपुरती मर्यादित केली. साक्षीदाराची अब्रू एकदा गेली, की ती परत मिळविणे किती कठीण असते याचे हे उदाहरण.

अशा प्रसंगांतून एक चांगली चाल पडली. निघालेले प्रत्येक प्रमाणपत्र जाहीर वहीत नोंदले पाहिजे, असा दंडक क्रोमने एप्रिल २०१८ पासून घातला. ही वही कोणालाही पाहता येते. आपल्या नावाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच कोणी काढले आहे काय, हे आता खेड्यातल्या बचत गटालाही तपासता येते. गावच्या चावडीवर नोटीस लावण्याचाच हा प्रकार.

प्रत्यक्ष कृती

आता ताईंच्या संकेतस्थळाचे आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो. कारण येथे बसलेल्यांपैकी कोणाचे दुकान असेल, कोणाची शाळा, कोणाची पतसंस्था असेल.

पहिली गोष्ट नावाची. संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते कोणाच्या नावे नोंदले आहे हे आम्ही पाहिले. ते त्या होतकरू मुलाच्या नावे होते. त्याच्या मनात काही खोट नव्हती. पण शेत आपले आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, अशी ती अवस्था. नाव आधी गटाच्या नावे करून घेतले. ज्याच्या ताब्यात नाव, त्यालाच प्रमाणपत्र मिळते, हे पक्के ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची. ज्या सर्व्हरवर संकेतस्थळ राहते तेथेच किल्ल्यांची जोडी तयार केली. खासगी किल्ली तेथून हलविली नाही. ती कोणालाही, प्रमाणपत्र देणाऱ्यालाही, कधी पाठवायची नसते. कोणी सहाय्यक म्हणविणारा ती मागू लागला तर त्याला नम्रपणे दार दाखवावे.

तिसरी गोष्ट अर्जाची. नाव आणि जाहीर किल्ली लिहून, खासगी किल्लीने सही करून, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे अर्ज जातो. संस्था म्हणते, "नाव तुमचे असेल तर हा एक आकड्या-अक्षरांचा तुकडा तुमच्या संकेतस्थळावर अमुक जागी ठेवून दाखवा, किंवा नावाच्या नोंदवहीत लिहून दाखवा." तुकडा ठेवला, की संस्थेची यंत्रे निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन तो पाहतात, आणि खात्री पटली की प्रमाणपत्र देतात. संस्थेची कागदपत्रे तपासून दिली जाणारी महाग प्रमाणपत्रेही असतात. काही मोठ्या पेढ्या ती घेतात. परंतु कुलपाची मजबुती दोन्हींत सारखीच, आणि २०१९ पासून प्रमुख ब्राउझरांनी महाग प्रमाणपत्राचे हिरव्या अक्षरांतले नाव पत्त्याच्या पट्टीत दाखवणेही सोडून दिले आहे.

खर्च किती? ताईंनी हाच प्रश्न आधी विचारला होता. लेट्स एन्क्रिप्ट ही लोकहितासाठी चालणारी अमेरिकन संस्था डिसेंबर २०१५ पासून सर्वांना फुकट प्रमाणपत्रे देत आली आहे. तेव्हा साध्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रासाठी कोणी दरसाल हजारो रुपये मागू लागला तर ते कशाचे, हे विचारून घ्यावे. मेहनतीचे असतील तर तसे स्पष्ट म्हणावे. प्रमाणपत्राचे म्हणू नये.

चौथी गोष्ट बसविण्याची. आपले प्रमाणपत्र आणि त्यावर सही करणाऱ्या मधल्या संस्थेचे प्रमाणपत्र, अशी दोन्ही सर्व्हरवर ठेवावी लागतात. मधली कडी विसरली तर काही मोबाइलांवर संकेतस्थळ उघडते आणि काहींवर नाही, आणि माणूस आठ दिवस कारण शोधीत बसतो. मग जुन्या उघड्या वाटेने येणाऱ्याला आपोआप बंदिस्त वाटेवर वळविण्याची व्यवस्था केली. पानांवरची काही चित्रे अजून जुन्या वाटेने येत होती. त्यांचे पत्ते बदलले. घराला पुढून कुलूप आणि परसदार उघडे, असे होऊ नये म्हणून.

पाचवी गोष्ट नूतनीकरणाची, आणि येथे चूक आमची झाली. लेट्स एन्क्रिप्टच्या या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांची होती. ते आपोआप नवे होण्याची सोय असते. ती आम्ही लावली. पण ती चालते की नाही हे तपासले नाही. दिवाळीच्या आधी, जेव्हा शहरातून खऱ्या मागण्या येऊ लागल्या होत्या, नेमक्या त्याच आठवड्यात मुदत संपली, आणि आता 'सुरक्षित नाही' या दोन शब्दांऐवजी पानभर लाल इशारा दिसू लागला. तीन दिवसांच्या मागण्या बुडाल्या. ताई काही बोलल्या नाहीत. त्यामुळे आम्हाला अधिक लागले. ही शिस्त पुढे अधिकच कडक होणार आहे. प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७ दिवस असावी, असे प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या आणि ब्राउझरवाल्यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरविले. म्हणजे हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. रोवणीच्या आधी जसे आपण नहराचे दार एकदा उघडून-मिटून पाहतो, तशी ही सोयही मुदतीआधी चालवून पाहिली पाहिजे.

कुलपाची मर्यादा

येथे व्याख्यान संपविता आले असते. परंतु पुढे जे घडले त्याने आमचाच एक गैरसमज दूर केला.

काही महिन्यांनी नागपूरच्या एका बाईंचा ताईंना फोन आला, की पैसे भरून पंधरा दिवस झाले, तांदूळ नाही. वहीत त्यांची मागणीच नव्हती. शोध घेता कळले, की गटाच्या नावात एका अक्षराचा फरक करून कोणी हुबेहूब तसेच संकेतस्थळ उभारले होते. चित्रे तीच, पिशव्या त्याच, आणि पैसे भरण्याचा रस्ता मात्र निराळा. त्या बाई फोनवर पुनःपुन्हा म्हणत होत्या, "पण कुलूप तर होतं हो!"

होते. खरेच होते. चोराने आपल्या खोट्या नावासाठी खरे प्रमाणपत्र काढले होते, आणि ते देणाऱ्या संस्थेने नियमाचा भंग केला नव्हता. ते नाव त्याच्याच ताब्यात होते. त्याने तुकडा ठेवून दाखविला. त्याला प्रमाणपत्र मिळाले. बाईंचे पैसे कोणाच्याही नजरेस न पडता, अगदी सुखरूप, चोराच्या घरी पोचले.

आमचा तोवर असा समज होता, की कुलूप म्हणजे सचोटीची खूण. ते तसे नाही. कुलूप वाटेचे असते; वाटेच्या शेवटी कोण बसला आहे त्याच्या चारित्र्याचे नसते. बहुतेक फसव्या संकेतस्थळांवरही आता कुलूप असते. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याच्या पट्टीतले कुलपाचे चित्र काढून टाकले. लोक त्याचा भलताच अर्थ लावीत होते.

आणि वाट बंद असली तरी घरात शिरलेला चोर निराळाच. धरणाजवळच गोठणगावच्या बाजूला नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथल्या लोकांकडून लोकरी कपडे घेतले असतील. त्यांच्या धर्मगुरूंच्या, दलाई लामांच्या, कार्यालयातील संगणकांत हेर शिरल्याचे २००९ साली कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबमधील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उघडकीस आणले. १०३ देशांतील १,२९५ संगणक त्या जाळ्यात सापडले होते. हे हेर वाटेवर टपून बसले नव्हते. ते पत्राला जोडलेल्या फसव्या कागदातून थेट घरात आले होते. अशा वेळी वाटेवरचे कुलूप काय करणार?

मग सामान्य माणसाने काय करावे? नाव वाचावे, आणि ते शेवटाकडून वाचावे. पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घेऊन मागे मागे यावे. टपालाच्या पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा असा क्रम असतो आणि खरे ठिकाण शेवटच्या शब्दांवरून ठरते. घरावर 'मुंबई' अशी पाटी लावली म्हणून घर मुंबईत जात नाही. तसेच पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव आले म्हणून ते संकेतस्थळ बँकेचे होत नाही. याच हेतूने रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले, की भारतीय बँकांच्या पत्त्यांचा शेवट 'बँक डॉट इन' असा असावा, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. ते नाव हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळते; कोणाही भुरट्याला ते विकत घेता येत नाही. येथे नावच साक्षीदार झाले आहे. आणि इतके करूनही कोणी फसलाच, तर लाजून घरात न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी; जितका उशीर तितका पैसा दूर जातो.

त्या बाईंना गटाने आपल्या पदरची एक पिशवी पाठविली. ताईंचे म्हणणे असे, की नाव आमचे वापरले गेले, तेव्हा थोडे तरी आम्ही भरून द्यावे. बाजारात बसलेल्या कोणी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते.

त्या दिवशी पिशव्या भरण्याचे काम चालू असताना आम्ही तेथे होतो. ताईंनी तोंड शिवलेली एक पिशवी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, ही शिवण म्हणजे तुमचं प्रमाणपत्र. पिशवी आमच्याच घरची आन् वाटेत कोनं उघडली नाही, एवढं ते सांगते. आत कणी किती, ते काही शिवण सांगत नाही."

आमच्या सगळ्या व्याख्यानाचे सार त्यांनी तीन वाक्यांत सांगितले होते. शिवण हवीच; उघड्या तोंडाची पिशवी शहरात कोणी घेणार नाही, आणि घेऊही नये. परंतु पिशवी घरी आली, की तोंड उघडून मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहण्याची आपली जी जुनी रीत आहे, ती कोणत्याही प्रमाणपत्राच्या भरवशावर सोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.